दानम्माच्या पाटीवरची मिशी

दानम्मानं वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत समुद्र बगितला न्हवता, आन् त्यावाचून तिचं काई अडलं बी न्हवतं. सोलापूरला सिद्धेश्वराचं तळं हाय. लाटाच बगायच्या तर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत जाऊन उभं राहावं. माणसांच्या लाटा येतात, आन् लुगडं भिजत न्हाय.

माहेर मंद्रूपचं, दिलेली दुधनीला, आन् आता बारा वर्सं झाली, सोलापुरात शेळगीला राहती. नवरा आप्पा टॉवेलच्या कारखान्यात जातो, गरीब माणूस, बोलणं कमी. दानम्माची शाळा चौथीपर्यंत. पण परातीपुढं बसली की शाळा शिकलेल्यांनी बगत बसावं. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी, कडकडीत पाण्यात मळलेलं पीठ, आन् तिचे ते दोन तळवे. भाकरी अशी पातळ थापती की उचलून चुलीसमोर धरली तर पलीकडचा जाळ दिसावा. तव्यावरनं काढली की निखाऱ्याच्या कडंला उभी करायची, पापडासारखी वाजंपर्यंत. ही सोलापूरची कडक भाकरी. वर शेंगाची चटणी घ्या, दही घ्या. घास मोडला की शेजारच्या घरात कळतं, दानम्माची भाकरी आली. जिल्ह्यात दुसऱ्या बी बाया करतात, करू देत.

तिच्या सासूनं तिला एकच गोष्ट पक्की शिकवली हुती. कडक भाकरी झाकून ठेवायची न्हाय. वेताच्या बुट्टीत उभी लावायची आन् वारा लागू द्यायचा. सोलापूरचा वारा म्हणजे काय सांगावं, एक लुगडं पिळून दोरीवर टाकावं, दुसरं पिळंपर्यंत पैलं वाळलेलं असतंय. त्या वाऱ्यात भाकरी दिवसा-दिवसाला आणखीन खणखणीत होत जाती.

एक खंत मात्र तिच्या मनात हुती. तिच्या भाकरी दुकानात जायच्या आन् पाकिटावर नाव दुकानदाराचं. एकदा करकंबला एका लग्नात ती जेवायला बसली, तर ताटात तिचीच भाकरी आली. ओळखली कशी? तिच्या प्रत्येक भाकरीच्या काठाला अंगठ्याचा एक दाब असतो, शेवटची फिरकी देताना उमटतो तो. वाढणारी बाई म्हणाली, "घ्या की आक्का, सोलापूरच्या लई मोठ्या दुकानाची हाय, तुमाला घरी असली जमायची न्हाय." दानम्मा म्हणाली, "व्हय की," आन् गप जेवली. पण तवापासनं तिला वाटायला लागलं, कुटंतरी एका जागी, लहान का असंना, आपल्या नावाची पाटी पायजे.

ही गोष्ट तिनं आप्पाला सांगितली न्हाय. थोरल्या भावाला सांगितली, आन् तितंच सगळं सुरू झालं.

थोरला भाऊ म्हणजे मडिवाळप्पा. स्वतःचा टेम्पो, द्राक्षं न्हाईतर कांदा भरून सारा महाराष्ट्र पालथा घातलेला. शिक्षण सातवी, पण सातवीत दोनदा बसला, म्हणजे आठवी धरायला हरकत न्हाय. आन् मिशी. मंद्रूपच्या आठवडी बाजारात दाटी झाली की ती मिशी बगून लोक बाजूला सरायचे. वडलांची असली मिशी न्हवती, आज्याची न्हवती. ती त्यानं स्वतः कमावलेली.

मडिवाळप्पा एकदा कांदा उतरवायला रत्नागिरीला गेला हुता. मांडवीच्या किनाऱ्यावर मांडव पडत हुते. चौकशी केली तर कळलं, त्या गावाला वर्षभर काई ना काई चालू असतंय. नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावरची जत्रा, फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या, वैशाखात आंब्याचा मेळा, आन् श्रावणात नारळी पुनव. चारी येळेला पावणे येतात, चारी येळेला दुकानं लागतात. कमिटीवर खातू मास्तर म्हणून एक रिटायर शिक्षक हुते. ते म्हणाले, "बाहेरच्या जिल्ह्यातल्या पदार्थाला एक गाळा रिकामा आहे. चारही कार्यक्रम जो नीट पार पाडील, त्याला पुढच्या वर्षापासून जागा कायमची आणि नावाचा फलक कमिटीकडून."

नावाचा फलक म्हटल्यावर मडिवाळप्पाचे कान उभे राहिले. "लिवा मास्तर. दानम्मा, सोलापूर. कडक भाकरी."

"टिकते का पण? इथे खाऱ्या हवेत?"

"सहा महिने कुरकुरीत राहती. न्हाय राहिली तर मी मिशी काढतो."

मास्तरांनी चष्मा वर करून मिशीकडं बगितलं आन् नाव लिहून घेतलं.

डिसेंबरात भाऊ-बहीण निघाले. टेम्पोत सहाशे भाकरी, शेगडी, कोळसा, पिठाचा डबा, आन् मडिवाळप्पानं रंगवून आणलेली पाटी. दानम्मानं पाटी बगितली ती थेट मांडवीवर, बांधताना. वर मोठ्या अक्षरात "सोलापूरची कडक भाकरी", खाली "सहा महिने कुरकुरीत. न राहिल्यास भाऊ मिशी काढील", आन् शेजारी मिशीचं चित्र, खऱ्या मिशीपेक्षा हातभर मोठं.

"अण्णा, माझं नाव कुटाय?"

"तंगी," तो म्हणाला, कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला हाक मारायची ती, "जागा संपली. पुढच्या येळेला घालू."

तिनं पाटीची दोरी आवळून बांधली. मग समुद्र बगायला गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळ भरून वास घेतला, आन् परत येऊन म्हणाली, "लई पाणी हाय. पण एका वांग्याला द्यायच्या कामाचं न्हाय."

पैल्या दिवशी दुकानापुढं रांग लागली. लोक मिशीचं चित्र बगून यायचे, मडिवाळप्पाकडं बगून हसायचे आन् भाकरी घेऊन जायचे. शेजारच्या गाळ्यात शेवंतीबाई म्हणून एक खारवीण तळलेले मासे आन् सोलकढी विकत हुती. तिनं बी एक भाकरी खाल्ली. "कुरुम कुरुम वाजतंय गो. माझ्या म्हातारीला दात नाय, ती आवाजावरच जेवंल."

दानम्मा माळकरणीसारखी, माशाचा वास आला की पदर नाकाला. पण बाई बरी वाटली तिला.

संध्याकाळी दुकान आवरताना समुद्रावरनं गार वारं सुटलं. दानम्माला बरं वाटलं. वारा म्हणजे वाराच की, तिला काय ठाऊक. तिनं सासूची शिकवण आठवून साऱ्या बुट्ट्यांवरची फडकी काढली, भाकरी उभ्या लावल्या, एकीला दुसरी चिकटू नये म्हणून मध्ये बोटभर जागा ठेवली. म्हणाली, "रातभर वारा लागू दे. सकाळपर्यंत आणखीन कडक हुतील." मडिवाळप्पानं बी मदत केली. एक बी बुट्टी झाकलेली ठेवली न्हाय दोघांनी.

सकाळी पैलं गिऱ्हाईक आलं, पुण्याचा माणूस. दानम्मानं भाकरी दिली. त्यानं मोडायला घेतली, मोडली न्हाय. वाकली. त्यानं घडी घातली, घडी पडली. मग अजून एक घडी घातली आन् खिशात ठेवून म्हणाला, "मावशी, रुमाल छान आहे."

दानम्मानं एक बुट्टी बगितली, दुसरी बगितली. उरलेल्या सगळ्या भाकरी ओल्या फडक्यासारख्या सादळून बसल्या हुत्या. तिला वाटलं, आपल्या हाताला काई झालंय. तिनं तळवे उलटेपालटे करून बगितले.

मडिवाळप्पा तवर मास्तरांशी भांडायला लागला हुता. "तुमच्या हवेचा दोष हाय, भाकरीचा न्हाय."

"असेल," मास्तर म्हणाले. "पण हवा बदलून देणं कमिटीच्या हातात नाही. आणि पाटीवर हवेचं काही लिहिलेलं नाही, मिशीचं लिहिलंय."

चार लोक जमले हुतेच. एकजण म्हणाला, वस्तरा मी आणतो. मडिवाळप्पा मागं सरला न्हाय. म्हणाला, "सहा महिने म्हटलंय ना? सहा सोडा, आठ महिन्यांनी, नारळी पुनवेला बगा. भर पावसात खणखणीत भाकरी दिली न्हाय तर हितंच, समुद्राच्या साक्षीनं मिशी काढतो."

दानम्मा हळूच म्हणाली, "अण्णा, ब्याड." कन्नडमध्ये नको म्हणायचं ते. पण तोंडातनं गेलेलं गेलं.

शेवंतीबाईनं आपल्या गाळ्यातनं एक पत्र्याचा डबा आणून दानम्मापुढं आपटला. "उघडं कशाक ठेवलंस? हितं मीठ उघडं ठेवलं तर त्याचं पाणी होतं, तुझी भाकरी काय घेऊन बसलीस. आमचं सगळं डब्यात. नवरा पण डब्यात ठेवला असता, मावत नाय म्हणून."

दानम्मा हसली. त्या डब्याला सुक्या माशाचा वास हुता म्हणून तिनं तो घेतला न्हाय, पण गोष्ट घेतली. शेगडी पेटवली आन् उरलेली एकूणएक भाकरी पुन्ना निखाऱ्याला लावली. ज्यांनी मऊ भाकरी नेली हुती त्यांना बोलावून बोलावून बदलून दिली. पुण्याच्या माणसाच्या खिशातला रुमाल बी परत घेतला. चार दिवस ती शेगडीपुढनं हलली न्हाय. जत्रा पार पडली.

सोलापूरला परत आल्यावर गड्ड्याच्या गर्दीतनं तिनं झाकणाचे पत्र्याचे डबे हुडकून आणले, बिस्किटाचे, तेलाचे, मिळंल ते. उन्हात तापवायचे, भाकरी घालायची, झाकणाच्या फटीला कणकेचा पट्टा. शिमग्याला डबे घेऊन गेली. पालख्या नाचवत नेताना बगून ती थक्क झाली, खांद्यावर पालखी आन् पाय असे की जमीन तापलेली असावी. भाकरी पालखीवाल्यांना आवडली. नाचून आलेला माणूस घामानं निथळत यायचा आन् उभ्या उभ्या दोन खायचा. आंब्याच्या मेळ्याला तर रत्नागिरीकरांनी तिला एक नवंच शिकवलं, आमरसात कडक भाकरी बुडवून खायची. मडिवाळप्पानं ते खाल्लं आन् सोलापुरात येऊन सांगितलं की हे आपणच त्यांना शिकवलं.

तीन कार्यक्रम पार पडले. राहिली नारळी पुनव.

त्या दिवसांत सोलापुरात आभाळ कोरडंच हुतं. दानम्मानं महिनाभर तयारी केली. आंबा घाट उतरला तसा पाऊस सुरू झाला, आन् असा पाऊस की काच पुसायचं सोडून मडिवाळप्पा अंदाजानं टेम्पो चालवत हुता. दानम्माच्या मांडीवर एक डबा, बाकीचे मागं ताडपत्रीत. ती सारखी झाकणावर कान ठेवून डबा हलवून बगायची, भाकरी वाजते का. वाजत हुती.

मांडवीवर माणूसच माणूस. कोळी-खारव्यांच्या होड्या सजवलेल्या, ढोल, बायांच्या नऊवारी, सोनेरी कागद लावलेला नारळ. आता समुद्राला नारळ द्यायचा आन् मासेमारीचा हंगाम सुरू करायचा, असा तो दिवस. पाटी वर चढली. यंदा बी नाव घालायला जागा न्हवती. मिशीचं चित्र पावसात आणखीनच चकाकत हुतं, आन् डिसेंबरातले लोक तेवढ्यासाठी आठवणीनं आले हुते. खातू मास्तर छत्री घेऊन उभे.

दानम्मानं पैला डबा उघडला. भाकरी काढली, मोडली. काडकन आवाज आला. मडिवाळप्पानं मिशीवर हात फिरवला. ती भाकरी मास्तरांच्या हातात दिली. मास्तर कुणाशी तरी दोन शब्द बोलले, आन् तोंडात घालंपर्यंत भाकरी वाकली हुती.

मडिवाळप्पानं बहिणीला मागं ओढलं. "तंगी, ऐक. डब्यातनं थेट तोंडात. हातात द्यायचीच न्हाय. तोंड उघडा म्हणायचं, आन् घालायची."

"देवळातलं तीर्थ हाय का अण्णा ते?"

"मग एक-एकाला आत बोलव, ताडपत्रीच्या आत. लोकांना काय कळतंय?"

दानम्मानं भावाकडं बगितलं. त्याचा चेहरा तसा झाला हुता, जसा लहानपणी मंद्रूपच्या शाळेत मास्तरांनी गणित विचारल्यावर व्हायचा. तिला माया आली. लपवली तर मिशी राहणार हुती. कदाचित गाळा बी राहिला असता. खरं बोललं तर दोन्ही जाणार, आन् पाटी आयुष्यात पुन्ना लागायची न्हाय. करकंबच्या लग्नातली ती बाई तिला आठवली. दुकानदारानं तिच्या भाकरीवर आपलं नाव लावलं हुतं. आता ती स्वतःच आपल्या भाकरीवर खोटं लावणार हुती का?

ती बाहेर आली. स्टुलावर चढली आन् पाटीची दोरी सोडली. पाटी खाली उतरवून वाऱ्याच्या बाजूला आडवी उभी केली, मिशी आतल्या अंगाला. तिच्या आडोशाला शेगडी ठेवली, कोळसा पेटवला, परातीत पीठ मळलं.

"मास्तर," ती म्हणाली, लोकांना ऐकू जाईल असं, "श्रावणात हितं कडक भाकरी टिकत न्हाय. माझा भाऊ खोटं बोलला न्हाय, आमच्याकडं टिकती. हितं न्हाय टिकत. ज्यांनी कडक म्हणून घेतली त्यांनी परत द्या. आता मी ताजी थापून गरम देते, ती खा. गाळा काढून घ्यायचा तर संध्याकाळी घ्या. पीठ मळलंय, ते संपवू द्या."

मडिवाळप्पा तितं उभा राहिला न्हाय. पावसात तसाच निघून गेला.

दानम्मा थापत राहिली. डोळ्यात पाणी हुतं का धूर, विचारायला कुणी आलं न्हाय, सगळ्यांना भूक लागलेली. भिजून गारठलेली माणसं, होड्यांवरनं उतरलेले खारवी, त्यांना पावसात गरम ज्वारीची भाकरी म्हणजे काय लागली असंल. वर शेंगाची चटणी आन् कच्चं तेल. शेवंतीबाईनं आपलं दुकान सोडलं आन् येऊन कोळसा फुंकायला बसली. "माशाचा हात लावत नाय तुझ्या परातीला, भिऊ नको." रांग होड्यांपर्यंत गेली. डब्यातल्या भाकरी बी फुकट गेल्या न्हाईत. म्हाताऱ्या माणसांनी त्या मागून घेतल्या आन् सोलकढीत कुस्करून खाल्ल्या.

तासाभरानं एक माणूस आला आन् शेगडीजवळ उभा राहिला. दानम्मानं मान वर न करता विचारलं, "किती देऊ, दादा?"

तो शेगडीकडं आणखीन सरकला. तिनं वर बगितलं. ओला शर्ट मडिवाळप्पाचा, उंची मडिवाळप्पाची, आन् नाकाखाली काई न्हाय. गुळगुळीत. तिथली कातडी बाकीच्या तोंडापेक्षा गोरी, लहान लेकरासारखी. बाजारातल्या न्हाव्याकडं जाऊन तो बसला हुता. न्हावी तीनदा म्हणाला, पावणं, अजून इचार करा. तो म्हणाला, मंद्रूपचा माणूस बोलतो ते करतो.

दानम्माचे हात परातीतच थांबले.

"काय बगती? हास की."

"अण्णा," ती म्हणाली, "आईसारखा दिसतोस."

आई जाऊन सोळा वर्सं झाली हुती. तिचा एक फोटो बी घरात न्हाय. त्या दोघांना इतकी वर्सं ठाऊकच न्हवतं की आईचं तोंड मिशीच्या मागं जपून ठेवलेलं हाय. मडिवाळप्पा खाली बसला, भिजल्या चिखलात, आन् म्हणाला, "मला बी एक दे. गरम." तिनं दिली. काठाला अंगठ्याचा दाब हुता. त्यानं तिथनंच मोडली.

संध्याकाळी समुद्राला नारळ दिल्यावर खातू मास्तर आले. मडिवाळप्पाच्या तोंडाकडं बगितलं आन् लगेच दुसरीकडं बगितलं, सभ्य माणूस. दानम्माला म्हणाले, "नोंद कडक भाकरीची होती. नियमाप्रमाणे गाळा देता येत नाही."

"व्हय," ती म्हणाली, आन् परात पुसायला लागली.

"म्हणून नोंदच बदलून आणलीय. सही करा. फलकावर काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. यांना विचारू नका."

मडिवाळप्पानं सवयीनं मिशीकडं नेलेला हात खाली घेतला.

दानम्मानं इचार केला. मग सावकाश सांगितलं, आन् मास्तरांनी चांगल्या अक्षरात लिहून घेतलं. दानम्मा, सोलापूर. थंडीत कडक, पावसात गरम.

ती पाटी मांडवीवर लागली हाय. नाताळला जा, शिमग्याला जा, आंब्याच्या दिवसात जा, श्रावणात जा, चारी येळेला दिसंल. नाव वरच्या ओळीत हाय आन् पुरी जागा घेऊन हाय. जुनी पाटी अजून शेगडीला आडोसा म्हणून कामाला येती.

आन् मिशीचं म्हणाल तर ती दिवाळीपर्यंत परत आली, आधीपेक्षा दाट. मधल्या दोन-तीन महिन्यांत दानम्मा काई ना काई निमित्त काढून दर आठवड्याला मंद्रूपला जायची, भावापुढं बसून जेवायची. मिशी वाढायला लागली तशी एकदा म्हणाली, "घाई काय हाय?" पण वाढणारी गोष्ट कुणासाठी थांबती. आता मंद्रूपच्या बाजारात कुणी इषय काढला तर मडिवाळप्पा सांगतो, कोळी लोक समुद्राला नारळ देतात, तो काय कुणी बी देईल. सोलापूरकरानं मिशी दिली, आन् समुद्रानं बहिणीला जागा दिली. त्यात एक बी शब्द खोटा न्हाय.